मुलं खेळली की गावाला पाणी? थांबा जरा

"आफ्रिकेत मुलं गोल फिरत खेळतात आणि गावाला फुकट पाणी मिळतं" हा मेसेज अजूनही फिरतोय. प्लेपंप म्हणतात त्याला, बोअरवर चक्र बसवायचं, मुलं फिरवतील तसं पाणी वरच्या टाकीत चढणार. 2006 मध्ये अमेरिकेत 1 कोटी 64 लाख डॉलर जाहीर झाले, 2010 पर्यंत 4000 बसवायचं ठरलं. पण एका पंपावर 2500 माणसं धरलेली, आणि 2009 मध्ये 'गार्डियन' या ब्रिटिश वृत्तपत्राने हिशोब मांडला तर मुलांना रोज 27 तास फिरवायला लागलं असतं!! मोझांबिकमधे मुलं नसली की बायकाच ते जड चक्र वाकून ढकलायच्या, त्यात किंमत साध्या हातपंपाच्या चौपट आणि बिघडला तर गावात कोणाला दुरुस्त करता येत नाही. काही ठिकाणी चालू हातपंप काढून हा बसवला, याचा खरंच राग येतो. त्यापेक्षा हातपंपच बरा, आणि आफ्रिकेत कितीतरी गावांत दिसणारा इंडिया मार्क टू हा हातपंप तर आपल्या जालना-सोलापूरकडच्या पंपांवरूनच सुधारत तयार झालाय. फक्त सुटे भाग वेळेवर मिळायला हवेत आणि गावातच कोणीतरी दुरुस्ती शिकलेलं हवं, पैसा तिथे घाला ना.