'फॅमिली गेमिंग' लिहिलंय म्हणून व्हिडिओ लहान मुलांचा होत नाही
"आईबाबा आणि पोरं मिळून गेम खेळतायत, म्हणजे व्हिडिओ लहानांना बिनधास्त दाखवा" असं कायम फॉरवर्ड होतं. तसं वाटणं साहजिकच आहे, पण टायटल, थंबनेल अपलोड करणाराच ठरवतो, बहुतेक वेळा आधी कुणी बघून पास करत नाही. म्हणून पहिल्यांदा गेमचं नाव शोधा, गेम जिथून डाउनलोड होतो त्या ॲप स्टोअरवर वयाचं रेटिंग असतं, 12 किंवा 16 दिसलं तर 5 वर्षांच्या पोराला नकोच, खेळणारं कुटुंब कितीही गोड असो. आता रेटिंग गेमचं असतं, व्हिडिओतल्या बडबडीचं नाही, त्यामुळे मधला भाग आवाज चालू ठेवून बघा, किंचाळणं, चिडवणं, हरणाऱ्याला शिक्षा, "हे विकत घ्या" हे बरेचदा तिथेच सापडतं. आणि हो, ऑटोप्ले बंद, पुढे काय लागेल नेम नाही.