रोबोकॉन

आशिया-पॅसिफिक प्रदेशातील अभियांत्रिकी विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय रोबो-स्पर्धा. एशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियन, म्हणजे एबीयू, ही प्रसारण संस्थांची संघटना २००२ पासून ती भरवते. भारतातील राष्ट्रीय फेरी दूरदर्शनमार्फत होते, त्यामुळे इथल्या महाविद्यालयांत ती ‘डीडी रोबोकॉन’ म्हणूनच ओळखली जाते.

कल्पना मूळची जपानी. टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील प्राध्यापक मासाहिरो मोरी यांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी सुरू केलेल्या वर्गातल्या उपक्रमाला एनएचके या वाहिनीने १९८८ मध्ये जाहीर स्पर्धेचे रूप दिले. पहिल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत मात्र विजेतेपद व्हिएतनामच्या हो ची मिन्ह सिटी तंत्रज्ञान विद्यापीठाकडे गेले.

यजमान देशाने आपल्या मातीतला विषय घेऊन खेळ रचायचा, ही रोबोकॉनची खरी गंमत. २००८ मध्ये यजमानपद पुण्याकडे होते आणि विषय होता ‘गोविंदा’: थरांऐवजी यंत्रांनी उंचावरच्या लोण्यापर्यंत पोहोचायचे. २०१४ मध्ये स्पर्धा पुन्हा पुण्यात, बालेवाडीच्या क्रीडासंकुलात झाली. त्या वेळी ‘पालक’ रोबोने ‘मूल’ रोबोला बागेत न्यायचे होते. सीसॉ, खांबांवरून चालणे, झोपाळा आणि जंगलजिम पार पडले की ‘शाबास’! तो किताब व्हिएतनामच्या लाक होंग विद्यापीठाने जिंकला. २०२२ मध्ये नवी दिल्लीत चक्क लगोरी होती. चेंडूने पाच चकत्यांची चळत पाडायची, ती पुन्हा रचायची, आणि रचणाऱ्या बाजूच्या एका रोबोच्या डोक्यावरचा चेंडू प्रतिस्पर्ध्याने उडवायचा.

तपशील दरवर्षी बदलतात, चौकट फारशी बदलत नाही. सामना तीन मिनिटांचा, मांडणीला एक मिनिट, बहुधा दोन रोबो. अलीकडच्या नियमांत दोन्ही रोबोंचे एकत्रित वजन ५० किलोपर्यंत, विद्युतदाब २४ व्होल्ट आणि हवेचा दाब ६ बार अशा मर्यादा दिसतात. वजनाची अट सर्वांत जाचक. ॲल्युमिनियमच्या पट्टीला भोके पाडून ग्रॅम-ग्रॅम वाचवण्याची कला बहुतेक मुले पाठ्यपुस्तकात नाही, इथेच शिकतात.

संघ चालतो तो सीनियर-ज्युनियर परंपरेवर. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेतील रोबोट स्टडी सर्कल किंवा मुंबईच्या व्हीजेटीआय या संस्थेतील सोसायटी ऑफ रोबोटिक्स अँड ऑटोमेशन यांसारखे विद्यार्थी-गट असे ज्ञान पुढच्या तुकडीकडे पोहोचवतात. मेकॅनिकलवाले सांगाडा उभा करतात, इलेक्ट्रॉनिक्सवाले मोटर ड्रायव्हर (मोटरला हवी तेवढी वीज देणारी सर्किट्स) जाळत-जाळत बोर्ड बनवतात, कोडिंगवाल्यांच्या हाती रोबो येतो तो सगळ्यांत शेवटी. मग सुरू होते पीआयडीचे, म्हणजे रोबोची चूक मोजून मोटर सतत दुरुस्त करणाऱ्या नियंत्रण-सूत्राचे, ट्यूनिंग. सूत्रातला गुणक कमी ठेवला तर रोबो वळणावर जमिनीवरची रेषा सोडतो. वाढवला तर सरळ रेषेवरही डावी-उजवीकडे झोकांड्या खातो. त्यात बॅटरी उतरू लागली की काल जमलेले आकडे आज जुळत नाहीत.

काटेकोर अर्थाने याला संशोधन म्हणता येणार नाही: शोधनिबंध निघत नाहीत, आणि एका विषयासाठी बनवलेले यंत्र पुढच्या वर्षी बहुधा सुट्या भागांसाठी खोलले जाते. पण ओम्नी चाकांवर (कडेला छोटे रूळ असल्याने आडवीही सरकणारी चाके) कोणत्याही दिशेला सरकणे किंवा एन्कोडर (चाकाचे फेरे मोजणारा) आणि जायरो (वळण मोजणारा) या संवेदकांच्या आधारे स्वतःची जागा ओळखणे हे प्रयोगशाळेतलेच प्रश्न आहेत. इथे ते अंतिम वर्षाच्या प्रकल्पाआधीच, तेही तारखेच्या धाकाखाली, सोडवावे लागतात.

अलीकडे भर स्वयंचलित निर्णयाकडे झुकला आहे. २०२४ मध्ये व्हिएतनाममधील क्वांग निन्ह येथे भातकापणी हा विषय होता. दुसऱ्या रोबोने माणसाच्या मदतीशिवाय आपल्या रंगाचे, म्हणजे लाल किंवा निळे, चेंडू निवडून कणगीत टाकायचे होते. जांभळे चेंडू म्हणजे पोचट दाणे. रोबोकॉनच्या मुलांना त्यामुळे आता लेथइतकाच कॅमेराही हाताळावा लागतो, आणि कार्यशाळेच्या ट्यूबलाइटखाली ठरवलेल्या रंगांच्या मर्यादा स्टेडियमच्या दिव्यांखाली पुन्हा बसवाव्या लागतात.