पिओनी मागायला येणाऱ्यांसाठी

श्रावण लागला की कुणीतरी ताई मोबाईल पुढं करून विचारतातच, "हे फूल आहे काय हो तुमच्याकडं?" फोटो पिओनीचा असतो. आम्ही पिओनी विकत नाही. का, ते सांगतो.

पिओनीला ऊन हवंच असतं, अडचण थंडीची आहे. हिवाळ्यात तिचं झाड जमिनीपर्यंत वाळतं. मातीतल्या डोळ्यांना कित्येक आठवडे 5 अंशांखालची थंडी मिळाली, तरच पुढं कळी धरते. तिची एक रानजात आपल्या पश्चिम हिमालयात उगवते, ती त्यामुळंच. बेळगाव 750 मीटर उंचीवर, हवा गार. पण जानेवारीतही रात्री पारा साधारण 12-14 अंशांवरच थांबतो. आम्ही दोन गड्डे मागवून लावले होते. लालसर कोंब आले, पानं उघडली, कळी आलीच नाही. दुसऱ्या पावसाळ्यात गड्डे कुजले. तुमचे पैसे असे मातीत जाऊ नयेत.

तसंच भरगच्च फूल हवं असेल तर डेलिया लावा. आपल्या हवेत ती मनापासून फुलते.

गणपती झाले, पाऊस ओसरला की कंद लावायचे. खानापूरकडं पाऊस रेंगाळतो, तिथं दसऱ्यापर्यंत थांबा आणि वाफा उंच करा. निपाणी-चिकोडीच्या काळ्या मातीत पाणी साचतं. कुजलेलं शेणखत आणि जाड वाळू सढळ हातानं मिसळा. जागा 6 तास उन्हाची हवी.

कंद घेताना मान बघा. बटाट्यासारखे डोळे याला अंगभर नसतात; डोळा असतो जुन्या देठाला चिकटलेल्या मानेवर. मान मोडलेला कंद कितीही गलेलठ्ठ असो, उगवत नाही. आमच्याकडून घेतानाही हे तपासूनच घ्या.

आधाराची काठी कंदाबरोबरच रोवा. मागाहून ठोकली तर नेमकी कंदात घुसते. कोंब वर येईपर्यंत पाणी बेतानंच. पानांच्या चार जोड्या झाल्या की शेंडा खुडा. थाळीएवढं फूल हवं असेल तर थोराड जात निवडा आणि फांदीवर मधली कळी ठेवून बाजूच्या काढा. जीव तुटतो, पण काढा.

फुलं संपून पानं पिवळी पडली की पाणी तोडा, कंद उकरून सावलीत कोरड्या वाळूत ठेवा. पुढच्या लावणीला घोस कापताना प्रत्येक तुकड्याला मान आणि एक डोळा राहू द्या. कापता येत नसेल तर घोस तसाच घेऊन या, आम्ही कापून देतो.