जालावरील बालशोषकांचा खासगी पर्दाफाश

समाजमाध्यमांवर किंवा ऑनलाइन खेळांच्या चॅटमध्ये अल्पवयीन मुलामुलींना लैंगिक हेतूने गळाला लावू पाहणाऱ्या प्रौढांना पोलीस यंत्रणेबाहेरच्या लोकांनी स्वतःहून हेरणे, त्यांच्याविरुद्ध पुरावा जमवणे आणि त्यांची ओळख चव्हाट्यावर आणणे, असा या प्रकाराचा सर्वसाधारण अर्थ आहे. बहुधा एखादा प्रौढ बारा-चौदा वर्षांच्या मुलीच्या नावाने बनावट खाते उघडतो, समोरच्याचे बोलणे जपून ठेवतो, भेट ठरवतो आणि ठरल्या जागी मोबाइलचा कॅमेरा सुरू ठेवून त्याला गाठतो. चित्रीकरण तिथल्या तिथे प्रक्षेपित होते, नाहीतर नंतर पसरवले जाते. प्रस्तुत नोंदीत या प्रकाराच्या नैतिक व कायदेशीर बाजूंचा विचार कोकण किनाऱ्यावरील वस्ती आणि समाजरचना डोळ्यांसमोर ठेवून केला आहे.

नाव : अशा व्यक्तींसाठी इंग्रजीत रूढ असलेला ‘व्हिजिलान्टे’ हा शब्द स्पॅनिशमधून आला. त्याचे लॅटिन मूळ ‘जागा असलेला’ या अर्थाचे आहे. त्यामुळे मराठीत ‘जागल्या’ हा प्रतिशब्द सहज सुचतो. पण तो घेण्यात दोन अडचणी आहेत. एक म्हणजे गेल्या काही वर्षांत संस्थेतला गैरव्यवहार आतून उघड करणाऱ्या कर्मचाऱ्यासाठी हा शब्द वृत्तपत्रांत स्थिरावला आहे. दुसरी अडचण अधिक महत्त्वाची आहे. गावगाड्यातला जागल्या रात्रीची राखण करी, चोरी झाली की माग काढी. माग शिवेपलीकडे गेला तर तो पुढच्या गावाच्या हवाली केला जाई आणि माग लागला नाही तर नुकसानीचा भार राखणदारावर येऊ शके. ही माहिती मुख्यतः देशावरच्या व्यवस्थेविषयीची आहे. खोतीच्या (सारा वसूल करणाऱ्या खोतांच्या वतनदारीच्या) कोकणात ती जशीच्या तशी लागू होती असे धरता येत नाही. तरीही जागल्याला शीव होती आणि चुकल्यास जबाबदारी होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. आजच्या खासगी पथकाला दोन्ही नाहीत. दक्षिण कोकणात ‘राखणदार’ म्हटले की रात्री गावाच्या हद्दीवरून फिरणारा, वाट चुकलेल्याला घरी पोचवणारा देवचार (गावाचा रक्षक आत्मा) आठवतो. तो शब्द इथे वापरणे म्हणजे निवाडा आधीच देऊन टाकण्यासारखे आहे. म्हणून या नोंदीत ‘खासगी पथक’ हा रुक्ष शब्द पत्करला आहे.

उगम : या प्रकाराची वंशावळ काही अभ्यासक १८५१ व १८५६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत स्थापन झालेल्या दक्षता समित्यांपर्यंत नेतात. या समित्यांनी न्यायालयांना बाजूला सारून माणसे फाशी दिली होती. दुसरे मत असे, की ही प्रथा टोळीन्यायापेक्षा छुप्या कॅमेऱ्याच्या पत्रकारितेतून निघाली. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण तिचे आजचे रूप प्रेक्षकाशिवाय उभेच राहत नाही. अमेरिकेत साधारण २००२-०३ च्या सुमारास ‘पर्व्हर्टेड जस्टिस’ हा स्वयंसेवकांचा गट प्रौढांना मुलांची सोंगे घ्यायला लावून संवाद जमवू लागला आणि २००४ ते २००७ या काळात एका मोठ्या वाहिनीने त्याच्या मदतीने सापळ्यांची मालिका दाखवली. टेक्सासमधील मर्फी येथे २००६ मध्ये अशाच सापळ्यात अडकलेल्या एका सरकारी वकिलाने पोलीस घरात शिरत असताना आत्महत्या केली. तिथे पकडलेल्या इतर वीसहून अधिक जणांवरचे खटलेही पुराव्याच्या व अधिकारक्षेत्राच्या कारणांवरून चालवले गेले नाहीत. ब्रिटनमध्ये ही पथके पुढच्या दशकात वाढली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्कॉटलंडमधून आलेल्या अपिलात, पथकाने मिळवलेले संदेश वापरल्याने आरोपीच्या खासगीपणाच्या हक्काचा भंग होत नाही, असा निर्णय दिला. त्याच वर्षी नेदरलँड्समधील आर्नहेम येथे तरुणांनी बनावट भेटीला बोलावून मारहाण केलेल्या ७३ वर्षांच्या निवृत्त शिक्षकाचा मृत्यू झाला आणि तिथल्या पोलिसांनी लोकांना ही शिकार थांबवण्याचे आवाहन केले.

भारतात याचा पूर्वावतार वाहिन्यांच्या स्टिंगमध्ये सापडतो. २००७ मध्ये दिल्लीतील एका शिक्षिकेवर ती विद्यार्थिनींना वेश्याव्यवसायात ढकलते असा आरोप करणारे चित्रीकरण दाखवले गेले, जमावाने तिला रस्त्यावर मारहाण केली, तिचे कपडे फाडले. चित्रीकरण बनावट निघाले. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. या घटनेत फसवणारा एक होता; विश्वास ठेवून हात उचलणारे अनेक होते आणि त्यांतल्या प्रत्येकाला आपण मुलींसाठीच हे करतो आहोत असे वाटत असणार.

कायद्यातील स्थान : खासगी पथकाच्या सोंगाला भारतीय कायद्यात कुठे जागा आहे, हा प्रश्न वरवर दिसतो त्याहून गुंतागुंतीचा आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ (पोक्सो) याच्या कलम २ नुसार बालक म्हणजे अठरा वर्षांखालील व्यक्ती. कलम ११ इलेक्ट्रॉनिक साधनांनी मुलाचा वारंवार पाठपुरावा करणे वा संपर्क साधणे हे लैंगिक छळात धरते, तर माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६७ब मुलांना लैंगिक कृत्यासाठी ऑनलाइन संबंधांत ओढण्याला पहिल्या दोषसिद्धीत पाच वर्षांपर्यंत कारावास सांगते. पण सोंग घेणारा प्रौढ असेल तर समोर बालकच नसते. मग गुन्हा कुणाविरुद्ध घडला? एक पक्ष म्हणतो, की मूळ घटकच नसल्याने गुन्हा पूर्ण होत नाही. दुसरा पक्ष प्रयत्नाच्या तरतुदीकडे बोट दाखवतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६२ मध्ये (जुन्या दंड संहितेचे ५११) रिकाम्या खिशात हात घालणाऱ्या खिसेकापूचे उदाहरण दिले आहे. खिसा रिकामा निघाला तरी तो प्रयत्नाबद्दल दोषी ठरतो. पोक्सोच्या कलम १८ नेही प्रयत्न स्वतंत्रपणे शिक्षापात्र केला असून त्यासाठी मूळ गुन्ह्याच्या कमाल कारावासाच्या निम्म्यापर्यंत शिक्षा ठेवली आहे. ब्रिटनमध्ये अशा प्रकरणांत प्रयत्नाचाच आरोप लावतात. कायद्याच्या रचनेशी हा दुसरा अर्थ अधिक जुळतो.

मात्र तेवढ्याने पथकाची बाजू भक्कम होत नाही. गुन्हा करायला निघालेल्याला उघडे पाडणे वेगळे आणि मागे फिरलेल्याला चिथावून गुन्ह्यात लोटणे वेगळे, हा फरक सर्वोच्च न्यायालयाने १९५६ च्या रामजनम सिंग प्रकरणात केला होता. २०१४ मध्ये रजत प्रसाद प्रकरणात त्याच न्यायालयाने आमिष दाखवून केलेले स्टिंग सरसकट वैध मानायला नकार दिला. म्हणून पहिला लैंगिक शब्द कुणी उच्चारला, भेटीचा आग्रह कुणी धरला, वय कितव्या संदेशात सांगितले, हे तपशील निर्णायक ठरतात. पथके नेमके हेच संवाद कापून, जोडून, वर संगीत घालून पसरवतात. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. त्याचा एक भाग पुरावा देणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो, त्यात फाइलचे हॅश मूल्य (फाइल बदलली की बदलणारा तिचा अंकीय ठसा) नोंदवावे लागते. जमावाच्या हातांतून फिरलेला, मध्येच अनलॉक केलेला मोबाइल या कसोटीला कितपत उतरेल?

पकडण्याच्या अधिकाराचेही तसेच आहे. नागरिकाला अटक करता येते, पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार गुन्हा आपल्या समक्ष घडलेला, दखलपात्र (पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येईल असा) व अजामीनपात्र असावा लागतो आणि पकडलेल्याला विनाविलंब, उशिरात उशिरा सहा तासांत पोलिसांच्या हवाली करावे लागते. पोक्सोच्या कलम ११ च्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ‘तीन वर्षांपर्यंत’ शिक्षेचे विशेष कायद्यांतील गुन्हे दखलपात्र आहेत का, यावर उच्च न्यायालयांत मतभेद होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये कॉपीराइट कायद्याच्या संदर्भात ते दखलपात्र ठरवले. रस्त्यावर उभ्या असलेल्या तरुणांना हा काथ्याकूट ठाऊक असण्याची अपेक्षाच नाही. माणूस खोलीत कोंडून ठेवून माफीनामा वदवून घेणे मात्र कुठल्याच अर्थाने अटक ठरत नाही. ‘व्हिडिओ टाकत नाही, एवढे दे’ म्हणणे ही तर खंडणी झाली.

आणखी एक धोका पथकांच्या लक्षात येत नाही. संशयिताने मुलाचे अश्लील चित्र पाठवले आणि ते ‘पुरावा’ म्हणून गटात फिरवले, तर फिरवणाराही कलम ६७ब च्या कक्षेत येतो. ते कलम अशी सामग्री शोधणे, गोळा करणे, उतरवून घेणे यांनाही लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये या सामग्रीला ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ न म्हणता बालकांच्या लैंगिक शोषण व अत्याचाराची सामग्री म्हणावे, असे सांगितले. प्रत्येक प्रतीत त्या मुलावरचा अत्याचार पुन्हा होतो, हे त्यामागचे कारण. बनावट खात्याला भाचीचा किंवा शेजारच्या मुलीचा फोटो लावणारेही आढळतात. त्या मुलीला कुणी विचारलेले नसते.

कोकणातील संदर्भ : किनाऱ्यावर बालशोषणाचे गंभीर खटले जालाच्या आधीपासून झाले आहेत. मडगावातील मुलांच्या आश्रयगृहाच्या चालकाला १९९१ मध्ये अटक व १९९६ मध्ये जन्मठेप झाली. पुढे गोव्याने २००३ मध्ये स्वतंत्र बालक कायदा केला. त्यात फोटो धुणाऱ्या स्टुडिओंनाही मुलांची अश्लील चित्रे आढळल्यास पोलिसांना कळवण्याचे बंधन घातले. मुंबईतील कुलाब्याच्या आश्रयगृहाचे प्रकरण २००१ मध्ये उघड झाले. २००६ मध्ये शिक्षा, २००८ मध्ये उच्च न्यायालयात सुटका आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून शिक्षा पुन्हा कायम, असा त्याचा दहा वर्षांचा प्रवास आहे. बालहक्क संघटनांनी तो खटला चिकाटीने शेवटपर्यंत नेला. दोन्ही ठिकाणी आरोपी मुलांचा पालनकर्ता म्हणून वावरत होता. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या पाहणीत महाराष्ट्र व गोव्यासह १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलणे झाले. त्यांतल्या ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सांगितला आणि सुमारे निम्मे अत्याचारी ओळखीचे वा विश्वासातले होते. खासगी पथकाचा कॅमेरा मात्र अनोळखी माणसावर रोखलेला असतो. घरातल्या काकाला गाठायला कुणी बनावट खाते उघडत नाही.

जमाव काय करू शकतो, याचा अनुभव कोकण विभागाला आहे. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे मुले पळवणारे व चोर फिरत असल्याच्या अफवांच्या वातावरणात दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक जमावाच्या हातून मारले गेले. त्याआधी १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भटक्या समाजातील पाच जण अशाच अफवेचे बळी ठरले होते. तिथे जालावरचा सापळा नव्हता; पण मुलांच्या काळजीतून उसळलेला राग पडताळणीची वाट पाहत नाही, हे दोन्ही ठिकाणी दिसले.

वाडीतल्या जीवनाची घडण इथे फार महत्त्वाची ठरते. वीस-पंचवीस घरांच्या वाडीत आडनाव बहुधा एकच, गावकी-भावकीचे धागे घट्ट. वाडीचे अर्धे माणूस मुंबईत आणि दोन्हींना जोडणारा व्हॉट्सॲपचा गट. रात्री दापोलीजवळ टाकलेला व्हिडिओ सकाळच्या आत लालबाग-विरारच्या चाकरमान्यांकडे पोचतो. पुढे गणपतीला, शिमग्याला तेच लोक त्याच अंगणात येतात. संशयिताचे नाव उघड झाले की शिक्षा त्याच्या बायकोला, आईला, शाळेत जाणाऱ्या मुलांना भोगावी लागते. वाळीत टाकण्याच्या तक्रारी रायगड जिल्ह्यातून मोठ्या संख्येने आल्या होत्या आणि सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा (२०१७ पासून लागू) या पार्श्वभूमीवर झाला. या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही अशी शिक्षा आहे.

पण याहून मोठी हानी मुलाची होते आणि पथकांच्या समर्थनात तिचा उल्लेख क्वचितच येतो. पोक्सोचे कलम २३ माध्यमांना मुलाचे नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंब, शाळा आणि ‘शेजार’ यांपैकी ओळख पटवणारे काहीही प्रसिद्ध करू देत नाही. उल्लंघनाला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दंड, अथवा दोन्ही अशी शिक्षा आहे. शहरात संशयिताचे नाव घेऊन मुलाचे लपवता येत असेल. वाडीत ते अशक्य आहे. ‘अमक्या वाडीतला, किराणा दुकानवाला’ एवढे म्हटले की संध्याकाळी तिथे खाऊ आणायला कोण जात होती, हे विहिरीवर दहा मिनिटांत ठरते. जिने अजून आईलाही सांगितलेले नाही, तिच्या तोंडून ते काढून घेण्याचा हक्क कुणालाच नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते पथकांविरुद्धचा सर्वांत भक्कम आक्षेप हाच आहे. आरोपीच्या हक्काचा मुद्दा खरा असला तरी तो यानंतर येतो.

पथकांच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे टाकाऊ नाही. पोलीस ठाणे दूर, सायबर शाखा जिल्ह्याच्या ठिकाणी, तक्रारीला गेलेल्या आईला ‘घरातच मिटवा’ असे सुचवले जाते, आणि तोवर समोरचा दुसऱ्या मुलीशी बोलू लागलेला असतो. कायदा स्वतःच नागरिकाला गप्प बसू देत नाही : पोक्सोच्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याचे कळलेल्या किंवा घडण्याची धास्ती असलेल्या कुणाही व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकाला वा स्थानिक पोलिसांना कळवलेच पाहिजे, घडलेला गुन्हा न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. म्हणजे पाहणे आणि सांगणे हे कर्तव्यच आहे. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही, अशी हमीही कलम १९ देते. चव्हाट्यावर मांडणाऱ्याला ती लागू नाही.

कळवण्याच्या वाटा तशा जवळच्या आहेत. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी मुंबईत १९९६ मध्ये सुरू झालेल्या उपक्रमातून देशभर गेली. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांसंबंधीची तक्रार नाव न देता करता येते. गावात पोलीस पाटील आहे, सरपंचाच्या अध्यक्षतेखालील ग्राम बाल संरक्षण समिती आहे, अंगणवाडी सेविका आहे. संवादाचे स्क्रीनशॉट, खात्याचा दुवा आणि वेळ टिपून, समोरच्याला सुगावा लागू न देता हे त्यांच्याकडे पोचवता येते. त्यानंतर मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो उपनिरीक्षक वा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने घ्यावा आणि घेताना ती गणवेशात नसावी, असे पोक्सोच्या कलम २४ मध्ये लिहिले आहे.