संस्थानं खालसा करण्याचं डोकं डलहौसीचं?

‘दत्तक वारस नामंजूर ही लॉर्ड डलहौसीची कल्पना’ हे वाक्य आपण शाळेपासून घोकलेलं आहे. ते चुकीचं आहे. दत्तकाला संमती हा अपवाद असावा, असं ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी 1834 मध्येच ठरवलं होतं. पुरावा शोधायला लांब जायला नको, अलिबागला जा. आंग्र्यांच्या घराण्यातला तान्हा वारस गेला, दत्तकाची विनंती कंपनीने फेटाळली आणि 1840 मध्ये त्यांचं कुलाबा संस्थान खालसा झालं. डलहौसी गव्हर्नर-जनरल म्हणून कलकत्त्याला उतरला तो जानेवारी 1848 मध्ये.

म्हणून तो सुटतो असं मात्र नाही. जे अधूनमधून व्हायचं, त्याचा त्याने सपाटा लावला: 1848 मध्ये सातारा, 1854 मध्ये झाशी आणि नागपूर.

गंमत त्याच्या घरातच आहे. डलहौसीचं मूळ नाव जेम्स रॅमसे; हा एडिंबरोजवळच्या डलहौसी कॅसलमधल्या नवव्या अर्लचा (अर्ल म्हणजे वंशपरंपरेने चालणारी सरदारकीची पदवी) तिसरा मुलगा. थोरले दोघे भाऊ आधीच वारले, म्हणून अर्लपद याच्याकडे आलं. वडीलही हिंदुस्थानात सरसेनापती होते. बायको लेडी सुसान 1853 मध्ये मायदेशी परतताना जहाजावरच वारली. मागे दोन मुली, मुलगा नाही. 1849 मध्ये पंजाब घेतल्याबद्दल मिळालेली मार्क्विस ही अर्लपेक्षा वरची पदवी 1860 मध्ये त्याच्याबरोबरच संपली, कारण पुरुष वारस नव्हता. जुनं अर्लपद तेवढं चुलतभाऊ फॉक्स मॉल याच्याकडे गेलं.