सायकलच्या फ्रेमवरची पारदर्शक फिल्म

हँडल वळवताना ब्रेकची आणि गिअरची केबल फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीला ज्या ठिकाणी टेकते, तेथे काही महिन्यांत रंगाचा एक निस्तेज चट्टा उमटतो. केबलचे आवरण प्लॅस्टिकचे असते आणि ते एकटे रंगाला फारशी इजा करू शकत नाही. झीज घडवते ती केबल आणि रंग यांच्यामध्ये अडकलेली धूळ. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात. मोह्सच्या काठिण्यश्रेणीत क्वार्ट्झचा क्रमांक 7, तर चाकूच्या पोलादाचा सुमारे 5.5, तेव्हा रंग आणि त्यावरील पारदर्शक लेप यांचा या कणांपुढे निभाव लागत नाही. प्रत्येक वळणाला केबल हे कण पुढेमागे ओढते, म्हणजे त्या इंचभर जागेवर रोज पॉलिश पेपर फिरत राहतो. साखळी उसळून मागच्या खालच्या नळीवर आपटते आणि पुढच्या चाकाने उडवलेली खडी तिरप्या नळीच्या पोटाला लागते, ती या झिजेत भर घालतात.

पोलादी फ्रेमवर अशा ओरखड्यातून गंज शिरतो आणि कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत तो लवकर पसरतो. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर आपोआप तयार होत असल्याने तेथे हानी बहुतेक वेळा दिसण्यापुरतीच राहते. कार्बन तंतूंच्या फ्रेमची गोष्ट मात्र वेगळी आहे, कारण लेप झिजला की घर्षण थेट तंतूंना बांधून ठेवणाऱ्या रेझिनपर्यंत आणि पुढे भार पेलणाऱ्या तंतूंपर्यंत पोहोचते. कार्बन फ्रेमवर निदान केबलच्या आणि साखळीच्या जागी फिल्म लावणे ही मी हौस मानत नाही, ती गरजच आहे.

चांगली संरक्षक फिल्म थर्मोप्लॅस्टिक पॉलियुरेथेनची असते आणि तिची जाडी साधारण 150 ते 200 मायक्रॉन, म्हणजे दोन-तीन केसांएवढी असते. पॉलियुरेथेनचे रसायन जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1937 मध्ये शोधले. त्याची फिल्म व्हिएतनाम युद्धाच्या काळात हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या कडा वाळूपासून वाचवण्यासाठी वापरली गेली आणि तेथून ती मोटारींवर व सायकलींवर आली. ही फिल्म कठीण नसते, हे समजून घेण्यासारखे आहे. तिच्या लांब रेणूंमध्ये मऊ, लवचीक भाग आणि कडक भाग आळीपाळीने येतात. कडक भाग हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून ठेवतात, तर मऊ भाग ताणले जातात आणि पुन्हा आखडतात. खडा आदळतो तेव्हा फिल्म क्षणभर दबते, आघात थोड्या जास्त वेळात आणि थोड्या जास्त क्षेत्रावर विभागला जातो, आणि रंगावर येणारा कमाल दाब घटतो. बारीक ओरखडे कोमट पाण्याने मिटतात तेही याच गुणामुळे: उष्णतेने रेणूंची हालचाल वाढते आणि दबलेला पृष्ठभाग मूळ आकाराकडे परततो. फिल्म आरपार कापली गेली असेल, तर हा उपाय चालत नाही.

लावताना पहिला अडथळा येतो तो भूमितीचा. गोल नळी उभी चिरून उलगडली तर सपाट आयत मिळतो, त्यामुळे सपाट फिल्मही न ताणता तिच्यावर बसते. पुढे निमुळत्या होत जाणाऱ्या नळीवरही ती बसते, परंतु शंकू उलगडल्यावर कमानीच्या आकाराचा तुकडा मिळतो. म्हणूनच सरळ कापलेली पट्टी अशा नळीवर हळूहळू तिरकी जाते आणि दोष आपल्या हाताला दिला जातो. जेथे दोन नळ्या मिळतात, तेथे पृष्ठभाग खोगिरासारखा दोन दिशांना उलट वळतो. असा पृष्ठभाग ताणल्याशिवाय सपाट होत नाही, हे कार्ल फ्रेडरिक गाउस यांनी 1827 मध्ये सिद्ध केलेल्या प्रमेयातून निघते, आणि संत्र्याची साल पाटावर सपाट पसरू पाहणाऱ्याला तसाच अनुभव येतो. फिल्म तेथे ताणून बसवता येते, पण ताणलेली फिल्म सतत मागे ओढत राहते आणि काही आठवड्यांनी तिची कड सुटते. त्यापेक्षा जोडाजवळ फिल्म कापून वेगळा तुकडा लावणे आणि प्रत्येक तुकड्याचे कोपरे गोल करणे चांगले, कारण टोकदार कोपऱ्यावर ताण एकवटतो आणि सोलणे तेथूनच सुरू होते.

दुसरा अडथळा गोंदाचा. हा गोंद वाळून घट्ट होणारा नसतो. अतिशय दाट द्रवासारखा तो दाबाखाली रंगाच्या सूक्ष्म खाचांत पसरतो, आणि रेणू पुरेसे जवळ आले की व्हॅन डर वाल्स बलांनी, म्हणजे रेणूंमधल्या क्षीण आकर्षणाने, धरून बसतो. फिल्म कोरडी टेकवली तर पकड लगेच बसते आणि जागा सुधारता येत नाही. म्हणून पाण्यात बेबी शाम्पूचे थोडे थेंब घालून ते फ्रेमवर आणि गोंदाच्या बाजूवर फवारतात. शाम्पूमुळे पाण्याचा पृष्ठताण उतरतो, पाणी थेंबांत न तुटता सलग पसरते, आणि त्या थरावर फिल्म सरकवता येते. जागा नक्की झाली की रबरी पट्टीने मधून कडेकडे पाणी बाहेर काढायचे. मागे राहिलेले बारीक पाण्याचे फुगे टोचू नयेत, कारण पॉलियुरेथेनमधून पाण्याची वाफ हळूहळू पार होते आणि ते काही दिवसांत आपोआप नाहीसे होतात. धुळीच्या कणाभोवतीचा फुगा मात्र तसाच राहतो. म्हणूनच आधी फ्रेम धुऊन आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसण्यावर जेवढा वेळ जाईल तेवढा कमीच. लावल्यावर निदान एक दिवस सायकल धुऊ नये, गोंदाला पसरायला वेळ लागतो.

मॅट रंगाच्या फ्रेमवर चकचकीत फिल्म लावली तर रंगच बदलल्यासारखा वाटतो. मॅट पृष्ठभाग प्रकाश विखुरतो तो त्याच्या खडबडीतपणामुळे, आणि गोंद त्या खाचा भरून टाकतो; गोंद आणि लेप यांचे अपवर्तनांक (प्रकाश पदार्थात शिरताना किती वाकतो याचे माप) 1.5 च्या आसपास असल्याने प्रकाशाला ती सीमा जवळजवळ जाणवतच नाही. ओला दगड गडद दिसतो, त्याचेही कारण असेच आहे. अशा फ्रेमसाठी वरून मॅट असलेली फिल्म मिळते.

फिल्म काढण्याची वेळ आली की हेअर ड्रायरने ती कोमट करावी. शेकडो अंश तापमानाची हवा फेकणारी हीट गन कार्बन फ्रेमजवळ नेऊ नये, रेझिन त्याने मऊ पडू शकते. गोंद झटक्याने ओढला की ताठ घन पदार्थासारखा वागतो आणि रंग उपटून आणतो, सावकाश ओढला की पाझरत सुटतो, त्यामुळे एक नळी सोडवायला दहा मिनिटे लागली तरी लागू द्यावीत.