जड स्क्वॉट आणि आठ मिनिटं

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींमध्ये एक नियम पक्का बसलेला असतो: ग्राउंडच्या, म्हणजे मैदानी चाचणीच्या दिवशी पायांना ताण द्यायचा नाही, ताकद राखून ठेवायची. ताकद म्हणजे जणू रांजणातलं पाणी, सकाळी उपसलं की दुपारी कमी पडणार. सोळाशे मीटरपुरता हा विचार बऱ्यापैकी बरोबर आहे. पण शंभर मीटर आणि गोळाफेक यांत सगळा खेळ काही क्षणांचा असतो, आणि तिथे स्नायू रांजणासारखा वागत नाही. मोजकं जड काम केलेला स्नायू थोड्या विश्रांतीनंतर आधीपेक्षा जास्त झपाट्याने जोर लावू शकतो.

याची पहिली चाहूल लागली ती बेडकाच्या हृदयात. हेन्री बोडिच हा अमेरिकी शास्त्रज्ञ जर्मनीत लाइपझिगला कार्ल लुडविग यांच्या प्रयोगशाळेत काम करत होता. थांबलेल्या हृदयाला तो विजेचे एकसारखे झटके द्यायचा. झटका तेवढाच, पण प्रत्येक आकुंचन आधीच्यापेक्षा थोडं मोठं. नोंदीच्या कागदावर चक्क जिन्याच्या पायऱ्या उमटल्या, म्हणून १८७१ साली त्याने या परिणामाला नावही ‘जिना’ असंच दिलं. पुढे असाच जिना हातापायांच्या स्नायूंतही सापडला. तिथलं कारण मात्र वेगळं आहे, आणि माझ्या मते शरीरातल्या सर्वांत देखण्या यंत्रणांपैकी ते एक आहे.

शाळेतलं आठवून पाहा. स्नायूच्या पेशीत मायोसिनचे जाड दोर असतात आणि त्यांच्या शेजारी ॲक्टिनचे बारीक दोर. एका जाड दोरात सुमारे ३०० मायोसिन रेणू, आणि प्रत्येकाला दोन डोकी. मज्जातंतूचा हुकूम आला की पेशीत कॅल्शियम मोकळं होतं, त्यामुळे ॲक्टिनवरच्या पकडीच्या जागा उघडतात, डोकी तिथे अडकतात, ओढतात, सुटतात. पुस्तकातली गोष्ट इथे संपते.

पण तेच कॅल्शियम आणखी एक काम करतं. ते कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं आणि ही जोडी एका विकराला (एन्झाइमला) जागं करते. मायोसिनच्या प्रत्येक डोक्याच्या मानेला एक छोटं प्रथिन बिलगलेलं असतं. हे विकर त्यावर फॉस्फेटचा एक गट बसवतं. फॉस्फेटवर ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे जाड दोराला चिकटून पडलेली डोकी तिथून सुटतात आणि ॲक्टिनच्या दिशेला झुकतात. आता तेवढ्याच कॅल्शियममध्ये जास्त डोक्यांना पकड मिळते, आणि लवकर मिळते. जलद आकुंचनाच्या तंतूंमध्ये, म्हणजे धावपटू आणि गोळाफेकपटू ज्यांच्या भरवशावर असतात त्यांच्यात, हे विकर भरपूर असतं.

यात एक बारकावा आहे. स्नायूची कमाल ताकद याने वाढत नाही. कॅल्शियम भरपूर असेल तेव्हा पकडीच्या जागा आधीच उघड्या असतात, तिथे फॉस्फेटला करण्यासारखं फारसं उरत नाही. वाढतो तो जोर चढण्याचा वेग. पूर्ण वेगात धावताना पाऊल जमिनीवर जेमतेम दशांश सेकंद टेकतं आणि तेवढ्या वेळात कमाल जोर लागतच नाही. म्हणून तिथे वेगच कामाला येतो.

इथवर सगळं सरळ आहे, पण घड्याळ जुळत नाही. माणसाच्या स्नायूत हा फॉस्फेटचा परिणाम अर्ध्या मिनिटात निम्म्यावर येतो आणि काही मिनिटांत जवळपास ओसरतो. व्यावसायिक रग्बी खेळाडूंवरच्या एका प्रयोगात, पेलता येणाऱ्या कमाल वजनाच्या ८७ टक्के वजनाने तीन-तीन स्क्वॉटचे (खांद्यावर वजन घेऊन मारलेल्या बैठकांचे) तीन सेट दिल्यावर लगेच उडी घटली. ती सर्वांत उंच गेली आठ मिनिटांनी! तेव्हा फॉस्फेटचा खेळ संपत आलेला असतो. म्हणूनच आज अभ्यासक या उशिराच्या फायद्यासाठी दुसरी कारणं पुढे ठेवतात: स्नायूचं वाढलेलं तापमान, त्यात शिरलेलं पाणी, मज्जासंस्थेकडून येणारा वाढीव हुकूम. जिममधले प्रशिक्षक ‘नसा जाग्या होतात’ एवढ्यावर विषय संपवतात, ते पुरेसं नाही.

फायदा छोटा असतो आणि सर्वांना मिळत नाही. वर्षानुवर्षं वजन उचलणाऱ्याचा थकवा लवकर उतरतो. नवख्याचा थकवाच भारी पडतो, त्याने ग्राउंडच्या सकाळी पहिल्यांदा जड बारबेल खांद्यावर घेणं म्हणजे दुखापतीला आमंत्रण. दुसरी वाट सकाळची आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सकाळी वजनं उचललेल्या रग्बी खेळाडूंची त्याच दिवशी दुपारची कामगिरी सुधारलेली दिसली.

हे कळलं की काही जण लगेच शड्डूकडे बोट दाखवतात: बघा, आपल्या मल्लांना हे शेकडो वर्षांपूर्वीच ठाऊक होतं. मांडीवर थाप मारण्यात जोश आहे, दरारा आहे, पण जड भाराखालचं आकुंचन नाही. कुस्तीचा मान त्यासाठी खोट्या विज्ञानाने वाढवायची गरज नाही. आणि भरतीच्या वेळी काही मुलं इंजेक्शनं टोचून घेतात, त्याच्या बातम्या वाचून जीव तुटतो. हृदयाशी असा खेळ करण्याइतकं कोणतंही ग्राउंड मोठं नाही.

मैदानात बारबेल नसतो, रांगेत कधी कधी तास-दोन तास जातात. तेव्हा जॅकेट अंगावर ठेवा, पाय थंड पडू देऊ नका, आणि आपल्या आधी पाच-सहा जण उरले की पूर्ण जोराच्या चार-पाच उभ्या उड्या मारून शांत उभे राहा. उड्यांचा थकवा जड स्क्वॉटपेक्षा लवकर उतरतो, त्यामुळे आठ मिनिटं थांबावं लागत नाही. फक्त हा प्रयोग ग्राउंडच्या दिवशी पहिल्यांदा करू नका. आधीचे दोन-तीन रविवार सरावात उड्या मारून आणि न मारता गोळा फेका, आणि टेपने मोजून वहीत लिहा.